गॅसची नळी एकाची, भाव कोणाचा?

नगर जिल्ह्यात नळीच्या गॅसची गोष्ट आता वर्तमानपत्रातील बातमीपुरती राहिलेली नाही. श्रीगोंद्याकडून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणाऱ्या पोलादी वाहिनीचा नारळ २०२२ मध्ये फुटला. जिल्ह्यात सीएनजीचे पंप दिसू लागले. आमच्या राहुरीच्या बाजारपेठेत बेकरीवाले, हॉटेलवाले, फॅब्रिकेशनवाले आणि लाँड्रीवाले एकमेकांना विचारू लागले आहेत की नळी दारात आली तर घ्यावी का, आणि सिलिंडरपेक्षा स्वस्त पडेल का? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न राहून जातो, तो असा की या गॅसचा भाव कोण ठरवणार आणि तो पटला नाही तर आपण जायचे कोणाकडे?

आम्ही पडलो कापडवाले. कोणी म्हणेल, थान आणि गज मोजणाऱ्याने गॅसच्या भानगडीत कशाला पडावे? पण कापडाचा गॅसशी संबंध वाचकांना वाटतो त्याहून जवळचा आहे. कोरे कापड मागावरून उतरले की त्याच्यावरची बारीक रोंवे गॅसच्या ज्योतीवरून नेऊन जाळतात, तेव्हा कुठे रंग सारखा बसतो. रंगाई-छपाईनंतर कापड ताणून वाळवण्याच्या यंत्रांना उष्णता लागते; ती कुठे कोळशाची, कुठे गॅसची. इंधन महागले की महिन्या-दोन महिन्यांत मीटरमागे भाव वाढून आमच्या गल्ल्यापर्यंत येतो आणि गिऱ्हाईक आम्हालाच बोल लावते. शिवाय आमच्या दुकानापुढून जाणारे शिंपी, रफूवाले, इस्त्रीवाले हेच आमचे रोजचे साथीदार. त्यांचा खर्च वाढला की आमचे कापड शिवायला जात नाही.

आता मूळ विषय. गॅसच्या धंद्याचे तीन हिस्से असतात. एक जमिनीतून किंवा समुद्रातून गॅस काढणारा, दुसरा तो नळीतून वाहून नेणारा आणि तिसरा गिऱ्हाइकाला विकणारा. खाजगीकरण आणि पुनर्रचना हे मोठे शब्द वापरले जातात तेव्हा खरा वाद एवढाच असतो की हे तीन हिस्से एकाच्या हाती ठेवायचे की वेगवेगळ्यांच्या, आणि त्यांतला कोणता सरकारचा, कोणता शेठजींचा. विजेच्या बाबतीत हे आपण डोळ्यांनी पाहिले. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे तुकडे झाले. वीज बनवणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर देणारी महावितरण. बिलावरचे नाव बदलले. बिल कमी झाल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. तथापि एक फायदा झाला, तो नाकारता येणार नाही. कोणत्या हिश्शाचा खर्च किती, हे कागदावर वेगवेगळे दिसू लागले आणि वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते तेव्हा साधा पिठाच्या गिरणीवालासुद्धा हरकत नोंदवू शकतो.

गॅसचे तसे झाले नाही. ते कसे आणि का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ मध्ये. तो कोळशापासून काढलेला गॅस होता आणि देणारी कंपनी खाजगी होती. सिलिंडरचा गॅस आपल्या स्वयंपाकघरात आला तो बर्मा शेल कंपनीच्या बर्शेनच्या रूपाने, १९५५ पासून. पुढे १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारने ताब्यात घेतली. एकीची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, दुसरीची भारत पेट्रोलियम. मग आली प्रतीक्षा यादी. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ती आठवत असेल. गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, खासदारांना जोडण्यांचा कोटा असे आणि त्या कोट्यातली चिठ्ठी मिळवण्यासाठी लोक कोणाकोणाचे उंबरे झिजवत. सरकारी मक्तेदारीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे दिवस विसरू नयेत. मुलीच्या लग्नात शेगडी देणे सोपे होते, तिच्या नावावर सिलिंडर मिळवणे कठीण.

दुसरीकडे १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले. तेलाबरोबर निघणारा गॅस वाहून न्यायला पुरेशी सोय नव्हती म्हणून कित्येक वर्षे त्यातला बराच समुद्रावरच जाळून टाकला जाई. देशाची संपत्ती डोळ्यांदेखत धूर होत होती. १९८४ मध्ये सरकारने गेल ही कंपनी काढली आणि हजीरा-बिजयपूर-जगदीशपूर अशी लांबलचक वाहिनी टाकली. ही नळी टाकायला त्या काळी कोणी खाजगी शेठ पुढे आला नसता, हे मान्य करावे लागेल. जिथे पैसा वीस-पंचवीस वर्षांनी परत येतो तिथे सरकारलाच आधी उतरावे लागते.

१९९३ मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना परदेशातून सिलिंडरचा गॅस आणून बाजारभावाने विकण्याची मुभा दिली. प्रतीक्षा यादीला कंटाळलेले लोक धावले. काही कंपन्या चांगल्या होत्या. पण त्यांच्या आडून असेही लोक उभे राहिले की ज्यांच्याजवळ ना टाकी, ना गोदाम, फक्त पावती पुस्तक. अनामत रक्कम घेतली, चार महिने सिलिंडर दिले आणि एके दिवशी शटर बंद. आमच्या ओळखीच्या दोन शिंप्यांची आणि एका बेकरीवाल्याची अनामत अशीच बुडाली. पावत्या त्यांनी बरीच वर्षे जपून ठेवल्या होत्या. पुढे सरकारने अशा विक्रेत्यांना पतमापन सक्तीचे केले, पण तोवर ज्यांचे गेले ते गेले. खाजगी आले की सगळे सुधारते, असे म्हणणाऱ्यांनी या पावत्या पाहाव्यात.

आता विलायतेकडे वळू, कारण गॅसच्या खाजगीकरणाची जगभर दिली जाणारी मिसाल तिथलीच आहे. ब्रिटनमध्ये १९४९ मध्ये गॅसच्या शेकडो लहानमोठ्या कंपन्या सरकारने ताब्यात घेऊन बारा प्रादेशिक मंडळे केली. १९७३ मध्ये ती एकत्र करून ब्रिटिश गॅस कॉर्पोरेशन झाले. मार्गारेट थॅचरबाईंच्या सरकारने डिसेंबर १९८६ मध्ये ते विकले. एक शेअर १३५ पेन्सला. दूरदर्शनवर जाहिरातींचा मारा झाला, सामान्य माणसाने शेअर घेतले आणि सरकारी तिजोरीत पाच अब्ज पौंडांहून अधिक रक्कम आली. पण इथे एक गोम होती. गॅस, नळी आणि विक्री हे तिन्ही हिस्से एकत्र बांधूनच विकले गेले. म्हणजे सरकारी मक्तेदारी जाऊन खाजगी मक्तेदारी आली. मोठ्या कारखान्यांना दुसरा विक्रेता निवडण्याचा हक्क कागदावर होता, पण नळी ज्याची तोच प्रतिस्पर्धी असल्यावर दुसरा टिकणार कसा? आमच्याच धंद्यातले उदाहरण द्यायचे तर गावात ट्रान्सपोर्ट एकाच दुकानदाराचे आहे आणि बाकीच्या दुकानदारांनी भिवंडीहून आपला माल त्याच्याच ट्रकने आणायचा, असा तो प्रकार.

तिकडच्या मक्तेदारी आयोगाने १९८८ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये यावर बोट ठेवले. १९९४ च्या अखेरीस कंपनीच्या प्रमुखाचा पगार एकदम पाऊणपट वाढवून ४,७५,००० पौंड केल्याची बातमी फुटली आणि लोक भडकले. अखेर १९९५ मध्ये नवा कायदा झाला, १९९६ ते १९९८ या काळात टप्प्याटप्प्याने घरगुती ग्राहकांना विक्रेता निवडण्याचा हक्क मिळाला आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये कंपनीचे दोन भाग झाले. विक्री सेंट्रिकाकडे, नळ्या आणि गॅसची क्षेत्रे बीजीकडे. नळ्यांचा भाग पुढे आणखी वेगळा होऊन २००२ मध्ये नॅशनल ग्रिडमध्ये गेला. जे काम विकण्याआधी करायचे ते विकल्यानंतर दहा वर्षे भांडून करावे लागले. शिवण चुकलेला सदरा उसवून पुन्हा शिवायचा तर कापड कमी पडतेच.

एवढे होऊनही गाडी सुरळीत चालली असे नाही. २०१९ पासून सरकारला घरगुती दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ मध्ये जगात गॅस भडकला तेव्हा जवळजवळ तीस विक्रेते बंद पडले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढच्या महिन्यांचा गॅस आधी घेऊनच ठेवला नव्हता. ग्राहकांची आगाऊ रक्कम भांडवल म्हणून वापरत होते. ते बुडाले आणि त्यांचा बोजा सगळ्या ग्राहकांच्या बिलावर पसरला. वाचकांना वरच्या पावत्या आठवल्या असतील. फरक एवढाच की तिथे बुडालेल्याची भरपाई सर्वांनी मिळून केली, इथे ज्याची त्याने सोसली.

ब्रिटिश गॅसचा आणि आपला थेट संबंधही आहे. १९९५ मध्ये मुंबईत महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली ती गेल आणि याच ब्रिटिश गॅसच्या बरोबरीच्या भागीदारीतून. मुंबईच्या टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर आल्या त्या या कंपनीमुळे, आणि त्यामागे उच्च न्यायालयाचा रेटा होता. काम चांगले झाले, यात वाद नाही. २०१६ मध्ये कंपनीचे शेअर ४२१ रुपयांना बाजारात आले. त्याच वर्षी बीजी कंपनी शेलने विकत घेतली. म्हणजे १९७६ मध्ये ज्या शेलला आपण दरवाजातून बाहेर काढले ती चाळीस वर्षांनी खिडकीतून मुंबईच्या स्वयंपाकघरात परत आली आणि २०१९ पर्यंत आपला सगळा हिस्सा विकून स्वखुशीने निघूनही गेली. भागीदार आले-गेले. नळी मात्र जमिनीत जिथली तिथे आहे आणि तिच्यावरचे गिऱ्हाईकही तिथेच आहे.

आपल्या देशात गॅसची पुनर्रचना झाली ती विक्रीने नाही, वाटपाने. २००६ मध्ये पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा झाला आणि देशाचे तुकडे पाडून बोलीने शहरे व जिल्हे दिले जाऊ लागले. मुंबई महानगर गॅसकडे, पुणे महाराष्ट्र नॅचरल गॅसकडे, पालघर गुजरात गॅसकडे. २०१८ च्या नवव्या फेरीत एकदम ८६ क्षेत्रे वाटली गेली. त्यात अहमदनगर आणि औरंगाबाद हे दोन जिल्हे मिळून एक क्षेत्र झाले आणि ते भारत गॅस रिसोर्सेस या भारत पेट्रोलियमच्या कंपनीला मिळाले. २०२२ मध्ये ती मूळ कंपनीतच विलीन झाली.

या बोलीची रीत व्यापाऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. आधीच्या काही फेऱ्यांत ज्याचे नळीचे भाडे कमी त्याला क्षेत्र, असा नियम होता. मग काय झाले? कंपन्यांनी नळीचे भाडे एक पैसा लावले. होय, एक पैसा! कारण भाडे कमी दाखवायचे आणि गॅसच्या विक्रीभावात भरून काढायचे, याला कोणतीच आडकाठी नव्हती. लग्नसराईत काही दुकानांवर ‘शिलाई मोफत’ची पाटी लागते. ती शिलाई कापडाच्या भावात कुठे बसते, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी शिकवायला नको.

नवव्या फेरीत रीत बदलली. शंभर गुणांपैकी ५० गुण घरगुती जोडण्यांना, २० सीएनजी पंपांना, १० नळीच्या लांबी-रुंदीला, १० नळीच्या भाड्याला आणि १० सीएनजी दाबण्याच्या शुल्काला. आता यात बेकरी शोधा, लाँड्री शोधा, सोनाराची भट्टी किंवा भांड्यांचा कारखाना शोधा. एक गुणही नाही. कंपनीने आठ वर्षांत आमच्या गल्लीतील एकाही कारागिराला जोडणी दिली नाही तरी तिचे वचन मोडत नाही. घरांना जोडण्या मिळाव्यात, हे उत्तमच. आमच्या घरातील बायकांनाही सिलिंडरची वाट पाहण्याचा कंटाळा आहे. पण ज्याच्या रोजगारावर चार घरे चालतात त्या भट्टीला शून्य गुण, हा कोणता हिशोब?

भावाचे तर याहून विचित्र. ज्या कंपनीला क्षेत्र मिळते तिला नळ्यांचा हक्क २५ वर्षे एकटीचा. विक्रीचा एकटीचा हक्क पूर्वी पाच वर्षे होता; नवव्या फेरीपासून तो आठ वर्षे झाला आणि काम चांगले असल्यास आणखी दोन. या मुदतीनंतर दुसऱ्या विक्रेत्याने त्याच नळीतून गॅस द्यावा, अशी कायद्याची कल्पना आहे. चांगली आहे. परंतु ज्या मोठ्या शहरांत मुदती कधीच संपल्या तिथेसुद्धा आज घरगुती ग्राहकाला दुसरा विक्रेता निवडता येत नाही. मंडळाने २०२० मध्ये नियम काढले तर कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मुदत संपेपर्यंत तरी कोणी भावावर लक्ष ठेवेल, असे वाटावे, तर तेही नाही. २०१२ मध्ये नियामक मंडळाने दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसचे दर कमी करण्याचा आदेश दिला होता. कंपनी न्यायालयात गेली आणि १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ग्राहकाला लावायचा विक्रीभाव ठरवण्याचा अधिकार या मंडळाला कायद्याने दिलेलाच नाही. न्यायालयाने कायदा वाचला, त्यात त्याचा दोष नाही. दोष कायदा करणाऱ्यांचा.

म्हणजे विलायतेत आधी मक्तेदारी होती पण भावावर नियंत्रण होते, नंतर स्पर्धा आली. विजेत स्पर्धा नाही पण आयोग आहे, सुनावणी आहे. नळीच्या गॅसमध्ये मात्र स्पर्धाही नाही आणि भावाचा न्यायनिवाडाही नाही. आमची खरी तक्रार ही आहे. कंपनी सरकारी की खाजगी हा प्रश्न आमच्या मते त्याच्या पुष्कळ खालचा आहे.

खालचा का, ते आमच्याच क्षेत्राच्या मालकावरून कळते. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत पेट्रोलियममधील सरकारचा ५३.२९ टक्के हिस्सा विकण्याचे ठरवले. याआधी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की ज्या कंपन्या संसदेच्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाल्या त्या संसदेला न विचारता विकता येणार नाहीत. २०१६ मध्ये जुने कायदे रद्द करण्याच्या एका लांब यादीत तो राष्ट्रीयीकरणाचा कायदाही गेला आणि अडथळा दूर झाला. पुढे पुरेसे गिऱ्हाईक उरले नाही म्हणून मे २०२२ मध्ये सरकारने विक्री थांबवली. विचार करा, ती विक्री झाली असती तर नगर जिल्ह्याच्या नळ्यांचा पंचवीस वर्षांचा हक्क त्या सौद्यात आपोआप नव्या मालकाकडे गेला असता. राहुरीच्या कोणा बेकरीवाल्याला कोणी विचारले नसते. मालक कोणीही असो, ग्राहकाचा हक्क कागदावर वेगळा लिहिलेला नसेल तर तो मालकाच्या मर्जीवर राहतो.

आणि आपल्या मालकीचे असले म्हणजे सगळे नीट चालते, असेही कोणी राहुरीकराला सांगू नये. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था आपलीच होती. वीज घेणारेच तिचे सभासद. देशात सहकारी वीजवाटपाचे उदाहरण म्हणून तिचे नाव घेतले जाई. पण महावितरणची थकबाकी वाढत गेली, वसुली आणि हिशोब यांचा मेळ बसला नाही आणि जानेवारी २०११ अखेर परवाना संपला तेव्हा आयोगाने तो महावितरणला दिला. एका रात्रीत आपण सभासदाचे साधे ग्राहक झालो. सहकार वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. किती वीज आली, किती मोजली गेली, किती पैसा आला, हे वेळीच सर्वांपुढे मांडले गेले नाही, एवढेच म्हणतो.

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, रस्ते खोदायचे, पोलादी नळी टाकायची, पंचायती, नगरपालिका, रेल्वे, बांधकाम खाते अशा सगळ्यांच्या परवानग्या मिळवायच्या, आणि दुसऱ्याच दिवशी तिऱ्हाइताने येऊन आमच्याच नळीतून विक्री करायची, तर पैसा कोण घालेल? बरोबर आहे. नवीन बाजारपेठेत पहिले दुकान टाकणाऱ्याला काही सवलत मिळावी. आठ वर्षांच्या एकाधिकाराला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्या काळात गिऱ्हाइकाला दुसरा दरवाजा नाही त्या काळात भावाचे सूत्र जाहीर असले पाहिजे. गॅसची खरेदी किती, नळीचे भाडे किती, कर किती आणि नफा किती. बिलाच्या मागे चार ओळी छापल्या तरी पुरे.

खनिज संपत्तीवर हक्क कोणाचा, सामाईक की खाजगी, यावर आपल्या फिकहच्या जाणकारांनी शतकानुशतके चर्चा केली आहे. तो आलिमांचा विषय, आम्ही त्यात शिरत नाही. माप आणि तोल मात्र आमचा विषय आहे.

म्हणून थोडे मापाचे बोलू. सिलिंडर किलोवर मिळतो, नळीचा गॅस घनमीटरवर. एक किलो सिलिंडरच्या गॅसची उष्णता मिळवायला नळीचा सुमारे सव्वा घनमीटर गॅस लागतो. म्हणजे १९ किलोच्या सिलिंडरच्या जागी साधारण चोवीस घनमीटर धरावेत. कोणी नुसता घनमीटरचा भाव आणि किलोचा भाव शेजारी ठेवून स्वस्त म्हणत असेल तर ते गज आणि मीटर एकच समजण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट कराची. व्यापारी सिलिंडरवर १८ टक्के जीएसटी आहे, पण जो नियमित करदाता आहे आणि ज्याला वजावट लागू आहे त्याला तो परत धरता येतो. नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून त्यावरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो तीन टक्के आणि आधीच्या टप्प्यांवरचे कर वजा मिळत नाहीत. जे आपसमेळ योजनेत आहेत किंवा पाच टक्केवाले हॉटेल चालवतात त्यांना सिलिंडरवरही वजावट नाही, त्यांच्यासाठी नळी जास्त फायद्याची ठरू शकते. एकाच बाजारातील दोन दुकानांचे उत्तर वेगवेगळे येईल. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

तिसरी गोष्ट, गॅस कुठला. देशात निघणारा स्वस्त गॅस सरकार आधी घरगुती चुलीला आणि सीएनजीला देते. २०२३ च्या एप्रिलपासून त्याच्या भावाला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. कारखाने आणि दुकाने यांना तो मिळत नाही. त्यांच्या नळीत बाहेरून जहाजाने आलेल्या गॅसचा भाव असतो. तेव्हा घरची नळी स्वस्त म्हणून दुकानाची स्वस्त, असे समजू नये. अर्थात सिलिंडरही काही आपल्या घरचा नाही. देशाला लागणाऱ्या सिलिंडर गॅसपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो, त्यातला मोठा भाग आखाती देशांतून, आणि भाव दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. १ मे २०२२ रोजी दिल्लीत व्यापारी सिलिंडर २,३५५ रुपये ५० पैसे झाला होता. २०२५ च्या मध्यापर्यंत तो १,८०० च्या खाली आला. एवढ्या चढउतारात बेकरीवाल्याने पावाचा भाव किती वेळा बदलावा?

आणि सर्वांत महत्त्वाचे, करारातील किमान उचलीचे कलम. नळीचा करार करताना रोज अमुक इतका गॅस घेईन, असे लिहून घेतले जाते आणि कमी घेतला तरी ठरलेल्या टक्क्यापर्यंत पैसे भरावे लागतात. महाराष्ट्राला हे कलम काय असते, ते एन्रॉनने शिकवले. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये वीज मंडळाला ती घेणे थांबवावे लागले, कारण वीज घ्या अथवा न घ्या, ठराविक पैसे द्यावेच लागत होते आणि तेही डॉलरच्या भावाशी जोडलेले. जिथे राज्याचे वीज मंडळ गुदमरले तिथे आमचा खानावळवाला काय टिकणार? आमच्या लोकांचा धंदा हंगामी आहे. रमजानच्या दिवसांत कामाचे तास उलटेपालटे होतात, लग्नसराईत दुप्पट, पावसाळ्यात निम्मा. वर्षभर एकसारखी उचल लिहून देणे म्हणजे आषाढातही लग्नसराईचे बिल भरणे.

तेव्हा राहुरी, श्रीरामपूर, देवळाली प्रवरा, वांबोरी येथील व्यापारी संघटनांनी एकत्र बसून कंपनीला लेखी पत्र द्यावे, असे आम्हाला वाटते. एकेकट्याने गेलो तर छापील कराराखाली सही करून परत येऊ. लहान व्यापारी ग्राहकाचा वर्ग वेगळा करा, त्याला किमान उचल दिवसावर न ठेवता वर्षावर ठेवा, भाव बदलण्याआधी निदान पंधरा दिवसांची सूचना द्या, अनामतीवर व्याज द्या आणि नळी सोडायची झाली तर ती किती दिवसांत परत मिळेल, ते करारात लिहा. याच पत्राची एक प्रत खासदारांना द्यावी. नियामक मंडळाला विक्रीभावाचा अधिकार देणे आणि नैसर्गिक वायू जीएसटीत आणणे ही कामे दिल्लीतील आहेत, तालुक्यातून होणारी नाहीत. वायू जीएसटीत आणण्याला राज्येच तयार होत नाहीत, कारण व्हॅटचा पैसा त्यांच्या तिजोरीत जातो. आमच्या राज्याचीही तीच गोष्ट आहे आणि कोणत्याही पक्षाचे सरकार आले तरी तीच राहिली.

पत्र लिहिण्याआधी हिशोब हाताशी हवा. आमच्या शेजारच्या बेकरीवाल्या भाईंना आम्ही एक जुनी वही दिली आहे. प्रत्येक सिलिंडर कधी लावला, कधी संपला, त्या दिवसांत किती पोती मैदा भाजला, एवढेच त्यात लिहायचे. बारा महिने झाले की कळेल, कोणत्या महिन्यात किती गॅस लागतो आणि किती उचल लिहून देणे परवडते. इस्त्रीवाले आणि हॉटेलवाले यांनीही येत्या पहिल्या तारखेपासून अशी वही घालावी. कंपनीचा माणूस दारात येईल तेव्हा पहिला आकडा त्याच्या फॉर्ममधून नव्हे, या वहीतून सांगता येईल.